अपंग मूल आणि कामगाराचा खाडा

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो संप, बोनस आणि महागाई यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आज आम्ही लहान मुलांविषयी, आणि त्यांतही अपंग मुलांविषयी बोलणार आहोत. हा विषय डॉक्टरांचा, शिक्षकांचा, फार तर समाजसेवकांचा, असे कुणाला वाटेल. परंतु शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत, इचलकरंजीच्या मागांवर आणि साखर कारखान्यांच्या आवारात तीस वर्षे हिंडल्यावर आमचे मत असे झाले आहे, की अपंग मुलाचा प्रश्न हा कामगाराच्या घरात मजुरीचा प्रश्न होऊन बसतो. आणि जोवर सरकार व समाज त्याचा मजुरीच्या बाजूने विचार करीत नाहीत, तोवर चांगल्या योजनाही अर्ध्या वाटेवर थांबतात.

आमचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा युनियनच्या कचेरीतच भरली. कायदा वाचता येत नाही म्हणून कामगार फसतो, हे पाहिल्यावर आम्ही कायदे वाचू लागलो. तेव्हा विद्वत्तेचा दावा न करता, जे वाचले आणि जे कामगारांच्या घरांत पाहिले, त्याचा मेळ घालून सांगतो.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करू. हजेरीपत्रकावर ज्या दिवशी कामगाराच्या नावापुढे खूण पडत नाही, त्याला आपल्याकडे खाडा म्हणतात. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. महिन्याच्या पगाराची नोकरी असणाऱ्याला रजा असते. रोजंदारीवाल्याला फक्त खाडा असतो. अपंग मुलासाठी सरकारने जे जे देऊ केले आहे, ते पदरात पाडून घ्यायला आईला किंवा बापाला खाडे करावे लागतात. सरकारच्या हिशेबात ही बाजू कुठेच लिहिलेली नसते. ती मांडून दाखवावी, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

अपंग कोणाला म्हणावे

लुळा, पांगळा, आंधळा, मुका हे शब्द आपण फार काळ शिवीसारखे वापरले. त्यानंतर अपंग आला, विकलांग आला, आणि २०१५ नंतर सरकारी कागदांत दिव्यांग हा शब्द रूढ झाला. शब्दावरून आम्ही भांडत नाही. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांनाच जो आवडेल तो वापरावा. आम्ही येथे अपंग हा जुना परिचित शब्द वापरतो आहोत, तो केवळ सर्वांना चटकन कळावा म्हणून.

शब्दापेक्षा महत्त्वाचे आहे ते अपंगत्वाचे बदललेले रूप. आमच्या लहानपणी अपंग मूल म्हटले की पोलिओ झालेले, एक पाय बारीक पडलेले, कुबडीवर चालणारे मूल डोळ्यांपुढे येई. आपल्या देशात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये आपल्या भागाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. घरोघर हिंडून दोन थेंब पाजणाऱ्या हजारो स्त्रियांचे हे यश आहे. परंतु त्यामुळे अपंगत्व संपले नाही. जन्माच्या वेळी मेंदूला इजा होऊन हातपाय ताठ झालेले मूल, बुद्धीची वाढ मंद असलेले मूल, माणसांत असूनही आपल्याच नादात राहणारे स्वमग्न मूल, ही मुले आता अधिक दिसू लागली आहेत. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या नव्या कायद्याने एकवीस मानले. २०११ च्या खानेसुमारीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, आणि त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. ही मोजणी जुन्या, आखूड यादीवरची आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कुबडीवरचे मूल मोठे झाले की आपले आपण शाळेत जाई. मेंदूला इजा झालेल्या मुलाचे तसे नाही. त्याला उचलावे लागते, भरवावे लागते, धुवावे लागते, आणि ते वर्षानुवर्षे करावे लागते. म्हणजे अपंगत्वाचे रूप बदलले, तसे सांभाळणाऱ्याचे काम वाढले. मुलाच्या अंगात किती टक्के अपंगत्व आहे हे सरकार मोजते. त्या मुलापायी घरातल्या दुसऱ्या माणसाची किती टक्के मजुरी बुडाली, हे कोणी मोजत नाही.

दयेपासून हक्कापर्यंत

आपल्या करवीर नगरीला मुलांच्या हक्काचा विचार नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. या दंडाची आठवण आपण अभिमानाने काढतो. पण त्यामागचे तत्त्व पाहावे. मूल हे आईबापांचे खरे, पण त्याच्या वाढीत राज्याचाही वाटा आहे, आणि त्यासाठी राज्याने स्वतःची तिजोरी उघडली पाहिजे, हे ते तत्त्व होय. दंड होता, पण फीही माफ होती. एका हाताने सक्ती आणि दुसऱ्या हाताने सोय, अशी ती जोडी होती.

ब्रिटिश मुलखात मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांविषयीचा कायदा केला, आणि १९४८ मध्ये तो नव्याने केला. अनाथ, टाकलेली, वाट चुकलेली मुले या कायद्यांच्या कक्षेत होती. या कायद्यांचे साधन म्हणजे संस्था. मुलाला घरातून किंवा रस्त्यावरून उचलावे आणि चार भिंतींच्या आत सुरक्षित ठेवावे. अपंग मुलाचा विचार व्हायचा तो देणगीदाराच्या दयेवर चालणाऱ्या शाळांतून. त्या शाळांचे उपकार आम्ही नाकारीत नाही; सरकार हात बांधून बसले होते तेव्हा त्यांनीच दिवा लावला. पण दया देणाऱ्याच्या मनावर चालते, घेणाऱ्याच्या गरजेवर चालत नाही.

कोल्हापुरात या विचाराला वेगळे वळण दिले ते अपंग माणसांनीच. नसीमा हुरजूक यांचे नाव या सभागृहात कोणाला सांगावयास नको. ऐन सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखालचे अंग लुळे पडले, तरी त्या शिकल्या, केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. उचगावच्या वसतिगृहात चाकाच्या खुर्चीवरचे मूल उंबरा, पायरी किंवा अरुंद दार यांना अडल्याशिवाय हिंडू शकते. त्या इमारतीने कोल्हापूरला एक साधा धडा दिला. मुलाला अडवतो तो त्याचा पाय नव्हे, अडवतो तो जिना. आणि जिना आपण बांधलेला असतो.

पुढे हाच विचार कायद्यात उतरला. २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा म्हणतो, की सहा ते अठरा वर्षांच्या अपंग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तोच कायदा असेही म्हणतो, की केवळ अपंग आहे म्हणून कोणत्याही मुलाला आईबापांपासून तोडता येणार नाही. मुलाच्या हितासाठी न्यायालयाने हुकूम केला तरच ते करता येईल. आईबापांना शक्यच नसेल तर जवळचे नातेवाईक, तेही नसतील तर एखादे कुटुंब, आणि अगदी नाइलाज झाला तरच संस्था, असा क्रम कायद्याने लावला आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा क्रम उलटा झाला. पूर्वी संस्था आधी होती. आता घर आधी आहे.

ही गोष्ट आम्हांस मनापासून मान्य आहे. परंतु मूल घरात राहावे असे म्हणणाऱ्याने घर कशावर चालते तेही पाहावे. संस्थेत मूल असते तेव्हा स्वयंपाकी, काळजीवाहक, शिक्षक या सर्वांना पगार द्यावा लागतो. तेच काम घरात आईने केले की त्याला मोल उरत नाही.

एक साधा हिशेब

आता खाड्यांचा हिशेब मांडू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यात अतिशयोक्ती नाही. समजा, इचलकरंजीत कांड्या भरणारी एक बाई आहे. रोज ३०० रुपये मिळतात आणि महिन्याला २६ दिवस काम लागते. महिन्याचे झाले ७,८०० रुपये. नवरा मागावर आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचे हातपाय ताठ आहेत, आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी कोल्हापुरास आणावयास सांगितले आहे. मुलाला कडेवर घेऊन एस. टी. ने जायचे, रांगेत बसायचे, व्यायाम करून घ्यायचा आणि परत यायचे, दिवस गेला. महिन्याला आठ खाडे. ३०० गुणिले आठ, म्हणजे २,४०० रुपये बुडाले.

सरकार काय देते? संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. तिचे अनुदान बरीच वर्षे अगदी तुटपुंजे होते. ते वाढत वाढत २०२३ मध्ये दरमहा १,५०० झाले, आणि अपंगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० करण्यात आले. ही वाढ स्वागतार्ह आहे, आणि ती आंदोलनांशिवाय झालेली नाही. पण आमच्या हिशेबात ते २,५०० रुपये आल्या पावली गेले. २,४०० खाड्यांत जिरले, १०० उरले. त्या १०० रुपयांत आठ फेऱ्यांचे भाडे, औषध, दूध आणि मुलाच्या पायातला आधाराचा बूट बसवायचा आहे.

आणि हेही २,५०० मिळाले तर! या योजनेत अपंगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये ठेवलेली आहे. बाराने भागा, महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा होत नाहीत. आमच्या उदाहरणातल्या बाईची एकटीची मजुरीच वर्षाला ९३,६०० भरते. म्हणजे खरे उत्पन्न लिहिले तर अर्ज नामंजूर, आणि अर्ज मंजूर व्हावा तर दोघांनीही काम सोडून उपाशी बसले पाहिजे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, त्यातलाच हा प्रकार. परिणाम काय होतो ते सर्वांना ठाऊक आहे. उत्पन्नाचा खोटा दाखला काढण्याची वाट प्रामाणिक माणसाला धरावी लागते. जी अट पाळणे अशक्य आहे ती अट माणसाला खोटे बोलायला शिकवते.

याहून मोठा खाडा पुढे येतो. मूल आठ-दहा वर्षांचे झाले की कडेवर पेलत नाही. शेजारीण सांभाळीत नाही. मग आई काम सोडते. तेव्हा महिन्याचे सबंध ७,८०० रुपये गेले. आम्ही पाहिलेल्या घरांत हा खाडा बहुधा आईच्याच वाट्याला येतो. आई नसेल तर आजीच्या, आणि तीही नसेल तर मोठ्या बहिणीच्या. मोठी बहीण घरी राहिली की तिची शाळा बुडते. एका मुलाच्या अपंगत्वाने दुसऱ्या मुलीचे शिक्षण पांगळे झाले, तर त्याची नोंद कोणत्या खानेसुमारीत होते?

कागदांची वाट

योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. जन्मजात दोष आणि वाढीतले मागेपण लवकर ओळखावे हा त्यांचा हेतू. हे फार मोलाचे आहे, कारण पहिल्या पाच-सहा वर्षांत केलेला व्यायाम आणि शिकवण यांचे जे फळ मिळते, ते पुढे मिळत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने अंगणवाडीतील अपंग मुलांसाठी खास कार्यपद्धतीही जाहीर केली. आता अंगणवाडी सेविकेने मूल पाहावे, वेळेत बोलू किंवा चालू लागले नाही हे हेरावे, आणि पुढे पाठवावे. मात्र ज्या सेविकेवर हा भार टाकला, ती अजून पगार घेत नाही, मानधन घेते. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. सांभाळण्याच्या कामाला मोल न देण्याची आपली सवय घरापासून अंगणवाडीपर्यंत सारखीच आहे.

मूल हेरले गेले की दाखल्याची पायरी येते. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच बहुतेक योजनांचे दार उघडते. १ जून २०२१ पासून हा दाखला केवळ संगणकावरून अर्ज करूनच मिळतो, आणि सोबत एक ओळखपत्र येते. २०२४ च्या नियमांनी त्याला रंग दिले: ४० टक्क्यांच्या आत पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे, आणि ८० किंवा त्याहून अधिक असेल तर निळे. याच नियमांनी दाखला देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली. अर्ज घरबसल्या करता येतो हे खरे. पण मुलाला तपासणीला न्यावेच लागते. कानाची तपासणी एका वारी, मेंदूची दुसऱ्या वारी, असे झाले की प्रत्येक वाराला एक खाडा.

शाळेचे पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याची मुभा मिळाली. अपंग विद्यार्थिनींना महिन्याला २०० रुपये, वर्षातून दहा महिने, असा भत्ता आहे. घरी शिकवणारा फिरता शिक्षक महिन्यातून किती वेळा येतो, हे श्रोत्यांनी आपापल्या गल्लीत विचारून पाहावे. घरी शिकण्याची मुभा ही उत्तम गोष्ट आहे, पण शाळेने आपल्या अंगावरचे झटकून टाकण्याची ती पळवाट होऊ नये. मूल घरी शिकते म्हणजे आई घरी राहते, हे लिहिणाराने गृहीतच धरलेले असते.

मूल अठरा वर्षांचे झाले की आणखी एक खिंड लागते, आणि ती पुष्कळ आईबापांना ठाऊक नसते. कायद्याने ते सज्ञान झाले. त्याच्या वतीने सही करण्याचा आईबापांचा अधिकार आपोआप चालत नाही. मतिमंद, स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघाताने किंवा बहुविध अपंगत्वाने पीडित अशा मुलांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेची स्थानिक समिती असते, आणि ती पालक नेमून देते. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत अशा व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण आहे. 'आमच्यामागे याचे कोण?' हा प्रश्न प्रत्येक अपंग मुलाची आई रात्री अंथरुणावर स्वतःला विचारते. त्याचे संपूर्ण उत्तर कोणताही कायदा देऊ शकत नाही. पण निम्मे उत्तर जिल्हाधिकारी कचेरीत आहे, हे तिला सांगणारे कोणी हवे.

आणि कामगारांनो, एक उत्तर आपल्या कारखान्यातच आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात कामगाराच्या कुटुंबाची जी व्याख्या होती, तिच्यात पूर्णपणे त्याच्या कमाईवर अवलंबून असलेल्या अपंग मुलाला वयाची अट नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तिनेही ही गोष्ट राखली आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या जोडीची १९९५ ची निवृत्तिवेतन योजना सांगते, की सभासद वारला आणि त्याचे मूल कायमचे व संपूर्ण अपंग असेल, तर त्या मुलाला वय न पाहता निवृत्तिवेतन मिळावे. मूल मोठे झाले म्हणून विम्याच्या कागदावरून त्याचे नाव गळाल्याची प्रकरणे आमच्या कचेरीत आली, आणि नियम दाखवल्यावर नाव पुन्हा लागले. पण इचलकरंजीतल्या लहान लहान मागवाल्यांकडे, उसाच्या फडात आणि बांधकामावर विम्याचा कागदच नसतो. नाव गळण्याआधी ते कुठेतरी लागलेले असावे लागते!

चीनकडे पाहिल्यावर

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असे नाही. लोकसंख्येने आणि कुटुंबाच्या घट्ट विणीने आपल्याशी तोलता येईल असा शेजारी म्हणजे चीन. तेथेही मुलाचे सर्व पाहणे हे आईबापांचे कर्तव्य, आणि आईबापांचे म्हातारपण हे मुलाचे कर्तव्य, असे शतकानुशतके चालत आले. तेथील अपंगांच्या चळवळीला बळ आले ते डेंग पुफांग यांच्यामुळे. हे डेंग शियाओपिंग यांचे चिरंजीव. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत १९६८ साली इमारतीवरून पडून त्यांचे कमरेखालचे अंग गेले. १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अपंगांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला, आणि १९९० मध्ये अपंगांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या देशात कारखानदाराने दर शंभरात किमान दीड अपंग कामगार ठेवावेत, न ठेवल्यास निधीत पैसे भरावेत, असा नियम आहे. आपल्याकडे चार टक्के राखीव जागा आहेत त्या सरकारी नोकरीत. खाजगी कारखानदाराला कायदा फक्त उत्तेजन देऊ पाहतो.

पण कायदा असूनही घर एकटे पडले की काय होते, ते चीनने पाहिले. टाकून दिलेली अर्भके रस्त्यावर मरू नयेत म्हणून तेथे काही शहरांत पाळणे ठेवले गेले. ग्वांगझू शहरातला पाळणा जानेवारी २०१४ च्या अखेरीस उघडला आणि मार्चच्या मध्यावर बंद करावा लागला. तेवढ्या अवधीत २६२ अर्भके तेथे आली, आणि ती सारी आजारी किंवा अपंग असल्याचे सांगण्यात आले. आम्ही त्या आईबापांना दोष देणार नाही. दीड महिन्यात एका शहरातली अडीचशेहून अधिक माणसे एकाएकी निर्दय झाली नाहीत. उपचाराचा आणि सांभाळण्याचा खर्च पेलणार नाही, या भीतीने त्यांना तेथवर नेले असले पाहिजे.

पुढे चीनने केलेली एक गोष्ट आपण घेण्याजोगी आहे. १ जानेवारी २०१६ पासून तेथे दोन वेगवेगळे भत्ते सुरू झाले. एक, गरीब अपंगाच्या जगण्याचा भत्ता. दुसरा, तीव्र अपंगत्व असलेल्याच्या शुश्रूषेचा भत्ता. रक्कम प्रांताप्रांतांत निराळी आहे, आणि ती पुरते असे कोणी म्हणत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरपासून सहा वर्षांपर्यंतच्या अपंग मुलांच्या उपचारांसाठीही साहाय्य सुरू झाले. तेथील राजवटीविषयी आपले मत काहीही असो. जगण्याचा खर्च वेगळा आणि सांभाळण्याचा खर्च वेगळा, ही फोड बरोबर आहे. आपल्या देशातल्या केरळानेही अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपयांची योजना काढली. रक्कम लहान, पण ज्याच्या हाताने काम होते त्याच्या हातावर ती ठेवली, हे महत्त्वाचे.

आणि ऐकून नवल वाटेल, की हा विचार आपल्या २०१६ च्या कायद्यातही लिहिलेला आहे. ज्यांना फार मदतीची गरज आहे अशा अपंगांसाठी सांभाळणाऱ्याचा भत्ता असावा, असे चोविसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. त्याच कलमात, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक मिळावे असेही आहे. आमच्या माहितीच्या एकाही कामगाराच्या घरी सांभाळणाऱ्याचा भत्ता म्हणून दमडी आलेली आम्ही पाहिलेली नाही.

आक्षेप आणि उत्तरे

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला: आईच्या मायेला मोल लावता काय? आम्ही मायेला मोल लावीत नाही. बुडालेल्या मजुरीला लावतो. माया आई देतेच, आणि ती देताना तिची चूल विझू नये एवढेच मागणे आहे. दुसरा: लोक खोटे दाखले काढतील. काढतील काही. पण रेशनमध्ये भेसळ झाली म्हणून आपण रेशन बंद करीत नाही, भेसळवाल्याला धरतो. तिसरा: पैसा कोठून आणावा? यावर आमचे म्हणणे असे, की जो ठेवलेला आहे तो आधी खर्च करा. ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असा महाराष्ट्र सरकारचा आदेश आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्याने अपंग कल्याणाचे स्वतंत्र खातेही काढले. मार्च जवळ आला की घाईघाईने कुबड्या आणि चादरी वाटून छायाचित्रे काढायची, हा त्या पाच टक्क्यांचा सदुपयोग नव्हे.

काय करता येईल

आम्हांस सुचते ते असे. दाखल्याची तपासणी शिबिरे औद्योगिक वसाहतींत आणि मागांच्या भागांत, तेही साप्ताहिक सुट्टीच्या वारी भरावीत. तपासणाऱ्या सर्व शाखांचे डॉक्टर एका छपराखाली बसावेत. असे झाले की चार खाड्यांचा एकही खाडा होणार नाही, आणि सरकारला फारसा जादा खर्चही येणार नाही. व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी यावेत. शंभर मुलांनी प्रवास करण्यापेक्षा एका माणसाने करणे स्वस्त. पाच टक्क्यांच्या निधीतून दिवसभर मुले सांभाळणारे एक केंद्र प्रत्येक मोठ्या वस्तीत चालवावे, आणि तेथे काम करणाऱ्या बायांना मानधन नव्हे, मजुरी द्यावी. उत्पन्नाची ५०,००० ची अट किमान वेतनाशी जोडावी, म्हणजे कायद्याने ठरवलेले वेतन घेणारा माणूस केवळ त्या वेतनामुळे अपात्र ठरणार नाही. आणि चोविसाव्या कलमातला सांभाळणाऱ्याचा भत्ता कागदावरून खाली उतरावा.

कामगार संघटनांनीही आपल्या मागणीपत्रात एक ओळ घालावी: अपंग मुलाच्या उपचारासाठी कामगाराला वर्षाकाठी ठराविक दिवसांची भरपगारी रजा. बोनसच्या टक्क्यासाठी आम्ही दारात बसलो आहोत. या ओळीसाठीही बसले पाहिजे.

श्रोत्यांपैकी बहुतेक जण कामगार नसतील, सरकारी कचेरीतही नसतील. त्यांनी काय करावे? आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला, आपल्या गावच्या ग्रामसभेत सरपंचाला, एकच प्रश्न लेखी विचारावा: गेल्या वर्षी पाच टक्क्यांचे किती रुपये झाले, आणि ते कोणत्या कामावर गेले? उत्तर लेखी मागावे आणि ते चावडीवर लावायला सांगावे. आणि आपल्या वाड्यात, गल्लीत, चाळीत असे एखादे घर असेल, तर त्या आईला सणाला मिठाई जरूर द्यावी. पण त्याबरोबर आठवड्यातला एक दिवस तिचे मूल आपण सांभाळू असे सांगावे. त्या दिवशी तिच्या हजेरीपत्रकावर खूण पडेल. ती किती रुपयांची असते, ते वर सांगितलेच आहे.